पंचांगातला चंद्र, आकाशातला चंद्र

मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचलं आणि पुढची साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं त्यावरच चालली. ग्रंथ लोकप्रिय होण्याचं कारण नावातच आहे. गणेशांनी ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट आकडेमोड टाळली आणि ४,०१६ दिवसांचं, साधारण अकरा वर्षांचं, एक चक्र धरलं. त्यामुळे ज्योतिषाला युगारंभापासूनचे दिवस मोजत बसावं लागत नसे. चालू चक्रातला अहर्गण, म्हणजे सरलेल्या दिवसांची संख्या, घ्यायचा, त्यावरून मध्यम ग्रह, म्हणजे त्याचं सरासरी स्थान, काढायचा, मंदफलाचा (असमान चालीमुळे पडणाऱ्या फरकाचा) आणि शीघ्रफलाचा संस्कार द्यायचा, की ग्रह स्पष्ट झाला. मंगळ, गुरू, शनी यांच्या शीघ्रफलात खरं तर पृथ्वीचीच सूर्याभोवतीची फेरी दडलेली होती. म्हणून पृथ्वी स्थिर मानूनही उत्तर फारसं चुकत नसे.

अडचण होती ती चंद्राची.

चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथीही साठ घटिकांहून, म्हणजे एका दिवसाहून, लहानमोठी होते. जुन्या गणिताने तिची मर्यादा ठरून गेली होती: ‘बाणवृद्धी रसक्षय’. तिथी वाढली तर पाच घटिका, घटली तर सहा. एकादशी कधी, श्राद्ध कोणत्या दिवशी, याचे निर्णय या सूत्रावर बसवलेले होते.

पण चंद्र एकट्या पृथ्वीच्या ओढीवर फिरत नाही. सूर्यही त्याला ओढतो, आणि ती ओढ पृथ्वी-चंद्र-सूर्य यांच्या मांडणीनुसार बदलत राहते. अमावास्येला आणि पौर्णिमेला हे तिघे जवळपास एका रेषेत येतात. तेव्हा चंद्राचं मंदफल जास्तीत जास्त पाच अंशांच्या आसपास असतं, आणि जुन्या ग्रंथांतही तेवढंच धरलेलं आहे. अष्टमीच्या सुमारास मात्र ते साडेसात अंशांपर्यंत जाऊ शकतं. गणिताची परीक्षा व्हायची ती ग्रहणांवर, आणि ग्रहणं अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. त्यामुळे ग्रहणं बऱ्यापैकी जुळत राहिली आणि मधल्या तिथ्यांमधली चूक पाच तासांपर्यंत गेली तरी कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. दहाव्या शतकात मुंजालाने चंद्रासाठी आणखी एक संस्कार सांगितला होता. ग्रहलाघवी पंचांगांत तो आला नाही.

केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झालेले. १८६० मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ निघाली. युरोपीय कोष्टकांच्या आधारे रचलेल्या या मराठी पुस्तकात न्यूटननंतरचं गणित पंचांगकर्त्याच्या हाताला येईल अशा रीतीने मांडलेलं होतं. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर १८६५ पासून त्यावर आधारलेलं पटवर्धनी पंचांग निघू लागलं. नव्या गणिताने तिथी सात घटिका वाढू शकते, दहा घटू शकते, ‘सप्तवृद्धी दशक्षय’. धर्मशास्त्र्यांनी आक्षेप घेतला: निर्णयग्रंथ बाणवृद्धी मानतात, मग व्रतं कशाच्या आधारे करायची? त्यात छत्र्यांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीतल्या एका अंधुक ताऱ्यापासून धरला. त्याने अयनांशांत, म्हणजे संपातबिंदूपासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतच्या अंतरात, सुमारे चार अंशांचा फरक पडून काही वर्षी अधिक महिनेही वेगळे येऊ लागले. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक या शुद्ध पंचांगाच्या बाजूने उभे राहिले, तरी घराघरांत जुनंच पंचांग वाचलं जाई.

बागलकोटचे शिक्षक व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ही गाठ सोडवायला दुसरी वाट धरली. आधुनिक गणित त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ या संस्कृत ग्रंथांत, शास्त्र्यांच्या ओळखीच्या साच्यात बसवलं. आकाशातले गोल एकमेकांना ओढतात याचा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडला होता. गुरू आणि शनी एकमेकांची चाल सुमारे नऊशे वर्षांच्या आवर्तनाने बदलतात, हे लाप्लासने १७८५ मध्ये दाखवलं होतं. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमध्येही त्याला ठरावीक प्रमाण सापडलं होतं. केतकरांनी तसंच प्रमाण नेपच्यूनच्या पलीकडे लावून पाहिलं आणि १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत दोन अज्ञात ग्रहांचं भाकीत छापलं. त्यांपैकी एकाचं अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि फेरीचा काळ २४२.२८ वर्षं सांगितला.

१९३० च्या फेब्रुवारीत क्लाइड टॉमबॉला प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. केतकर त्याच वर्षी वारले. पुढे १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला. हे दोघे त्यांच्यामधल्या एका मोकळ्या बिंदूभोवती ६.४ दिवसांत फेरी घालतात. त्या फेरीवरून प्लूटोचं वस्तुमान निघालं: पृथ्वीच्या चारशेव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा गोलाची ओढ मोठ्या ग्रहांच्या चालीत जाणवणं शक्यच नव्हतं. केतकरांचा आकडा जुळला तो बराचसा योगायोगाने, पण प्लूटोच्या दोन फेऱ्यांत नेपच्यूनच्या तीन होतात, आणि असं प्रमाण शोधायला निघालेले केतकर चुकीच्या दिशेला गेले नव्हते.