उलटा प्रश्न

तापीकाठची काळी जमीन किती खोल आहे, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पिढ्यान् पिढ्या नांगर धरून त्याला ते ठाऊक झाले होते. १८५२ मध्ये कंपनी सरकारच्या मोजणी खात्याने हा प्रश्न त्याला न विचारता थेट मातीला विचारला. शेतात साखळी पडली. माती उकरून तिची खोली हातांनी मोजली गेली. वाळू, चुनखड, उतार, पाणथळपणा हे दोष टिपले गेले आणि सोळा आण्यांपासून खाली उतरत एकेका शेताची प्रत ठरली. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत आधीच्या अंदाजपंचे आकारणीपेक्षा कितीतरी काटेकोर होती. तरीही सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक जमावाने मोजणीच्या आड आले आणि बंदोबस्तासाठी सरकारला फौज आणावी लागली. सारा वाढणार, ही त्यामागची भीती. ती कितपत खरी होती, हा वेगळा मुद्दा. मोजणीच्या कागदावर मातीच्या प्रत्येक दोषाला जागा होती, पण ‘हे कशासाठी?’ या शेतकऱ्याच्या प्रश्नाला तिथे रकानाच नव्हता.

विचारल्याने ज्ञान वाढते, असे आपण सरसकट म्हणतो. जळगाव-धुळ्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या म्हणण्याला एक अट घालतो. ज्याला विचारले त्याला उलटा प्रश्न करता येत असेल, तरच विचारण्यातून दोन्ही बाजूंची समज वाढते. तशी सोय नसेल तर माहिती गोळा होते, तक्ते भरतात, पण विचारणारा आणि सांगणारा होते तिथेच राहतात. आपल्याकडे ‘उलटे प्रश्न विचारू नकोस’ ही दटावणी आहे, उर्मटपणाचे दुसरे नाव असावे तशी. माझ्या मते प्रश्नाची खरी परीक्षा तिथेच होते.

मातीनंतर पाळी आली भाषेची. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात गावोगावच्या बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी एकच मजकूर ठरला होता, बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट. ती ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगायची. तुलनेसाठी ही युक्ती उत्तम होती, आणि आज आपल्या हाती असलेले अनेक जुने बोलीनमुने तिच्यामुळेच टिकले. पण भाषा ठरलेल्या गोष्टीपुरतीच बोलते, तेव्हा तिचे सणवार, शिव्या, शेतीतले बारकावे बाहेरच राहतात. १९०७ च्या खंडात खानदेशी, म्हणजेच अहिराणी, भिल्ली भाषांच्या सोबत छापली गेली. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, तिच्यात गुजरातीचा वाटा किती, हे वाद त्यानंतरही चालूच राहिले आणि आता तर अहिराणी बोलणारेच ते घालतात. सर्वेक्षणाच्या वेळी ज्यांना फक्त नमुना द्यायचा होता, तेच आता वर्गीकरणाला जाब विचारतात. भाषेची जाण त्यामुळेच पुढे सरकते आहे.

याच्या उलट टोकाचा प्रयोग अमळनेरला झाला. कापसाच्या आणि गिरणीच्या पैशावर उभ्या असलेल्या या गावात श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. अद्वैत वेदान्ताचा विचार करण्यासाठी अभ्यासकांना तिथे राहायला जागा आणि निर्वाहाची सोय मिळे. एखाद्या धनिकाने मंदिर बांधावे किंवा मठाला वर्षासन लावून द्यावे, यात नवल नव्हते. पण इथे ज्या सिद्धान्तासाठी पैसा दिला होता, त्याच सिद्धान्तावर आतले लोक शंका घेत होते. जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ मध्ये मिळून एक इंग्रजी पुस्तक काढले, त्याचे नावच ‘अज्ञान’. आपल्याला कळत नाही म्हणजे नेमके काय होते, आणि हे न कळणे खरे की भासमान, या एका प्रश्नावर तिघांनी तीन स्वतंत्र मांडण्या केल्या. एकाच पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत मतभेद तसेच ठेवणे हा उलट्या प्रश्नाचा मोठाच मान होता.

मात्र या मंदिरालाही कुंपण होते. चर्चा इंग्रजीत चाले, आणि ज्या गिरणीच्या नफ्यावर ती चाले तिथल्या कामगाराला तिच्यात शिरायला वाट नव्हती. याच गावात आलेल्या एका माणसाने ती वाट निराळ्या तऱ्हेने काढली. साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिराच्या ओढीने. पुढे १९२४ ते १९३० ते तिथल्या हायस्कुलात शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत होते. तत्त्वज्ञान शिकायला आलेला माणूस मुलांशी त्यांच्या भाषेत बोलायला बसला.

भाषेच्या या कुंपणाचे उत्तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आधीच देऊन ठेवले होते. त्यांनी मराठीतच लिहायचा हट्ट धरला. पण त्याहून मोठी गोष्ट पुस्तकाच्या नावात आहे. वाईला सापडलेल्या कागदांचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये छापला, त्याचे नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. पुढे अशा बावीस खंडांत त्यांनी पत्रे, यादी, हिशेब जसेच्या तसे वाचकांपुढे ठेवले. प्रस्तावनांतून स्वतःची मते ते ठणकावून मांडत, पण मागची शेकडो पाने त्या मतांविरुद्धचा पुरावा म्हणूनही वापरता येत. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आणि अनुमाने नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढली, आणि ती खोडता आली याचे श्रेय काही अंशी राजवाड्यांनाच जाते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले. त्यांचे कागद आणि टिपणे तिथेच राहिली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात पुढच्या पिढीत शरद पाटलांनी व्याकरण आणि शब्दांची जुनी रूपे हाती घेऊन जातिव्यवस्थेविषयी अगदी वेगळे प्रश्न विचारले. निष्कर्षांत दोघांचे पटले नसते, पण शब्दाला साक्षीदार म्हणून उभे करण्याची रीत दोघांना जोडते.

उलट्या प्रश्नाच्या या आग्रहावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. आधी ऐकावे, मुरू द्यावे; सतत प्रश्न करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आक्षेप पोकळ नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले, तेव्हा मुकाट्याने ऐकणाऱ्यानेच आपल्याला ‘गीता प्रवचने’ मिळवून दिली. पण तिथे ज्या ग्रंथावर बोलणे चालले होते तो उघडून पाहावा. तिसरा अध्याय सुरू होतो तो अर्जुनाच्या तक्रारीने, की बुद्धी श्रेष्ठ म्हणतोस तर मला या भयंकर कर्मात का लोटतोस? पाचव्याच्या सुरुवातीला तो कृष्णाला पुन्हा पकडतो: संन्यासही वाखाणतोस, योगही वाखाणतोस, त्यातले एक काय ते नक्की सांग. हे उघड उघड उलटे प्रश्न आहेत, आणि ते काढून टाकले तर पुढचे अध्याय उभेच राहत नाहीत. ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना गीतेने परिप्रश्नाला प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध बसवले आहे. नमस्काराने प्रश्न बंद होत नाही. उलट समोरचा माणूस आपल्या प्रश्नाला पात्र आहे, एवढेच त्या नमस्कारातून कळते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लाखो शेतांची मोजणी करायची तर प्रत्येक खातेदाराशी वाद घालत बसता येत नाही. हे म्हणणे दिसायला बिनतोड आहे. पण १८५२ चा अनुभव सांगतो की न ऐकलेला प्रश्न मिटत नाही, तो जमाव होऊन येतो, आणि मग कागदाच्या खर्चात फौजेचा खर्च मिळवावा लागतो. शिवाय व्यवहारानेच यावर तोडगा काढला आहे. आज जळगाव-धुळ्यातल्या कोणत्याही गावात जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार घेतो, त्याची प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटिसा देतो. हरकत आली तर तिची वेगळी नोंद होते, आणि तिचा निकाल लागल्याखेरीज फेरफार प्रमाणित होत नाही. नोटीस कधी कधी नावापुरती निघते आणि हरकती वर्षानुवर्षे पडून राहतात, हेही खरे. तरी मोजणीच्या कागदावर जो रकाना नव्हता, तो आता सरकारी दप्तरात आहे. शाळेच्या वर्गात, ग्रामसभेत आणि घराच्या ओसरीवर त्याला जागा किती, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.