तळटीप : स्कोल फाउंडेशन

स्कोल फाउंडेशन : ‘ईबे’ या ऑनलाइन लिलाव कंपनीचे पहिले अध्यक्ष, कॅनडाचे जेफ स्कोल यांनी १९९९ साली कॅलिफोर्नियात स्थापन केलेले खासगी प्रतिष्ठान. त्याच्या वर्षभर आधी कंपनीचे शेअर बाजारात आले होते. त्यातून लाभलेली संपत्ती त्यांनी सामाजिक उद्योजकांकडे वळवली. ज्यांचे काम सिद्ध झाले आहे आणि आता विस्तारू पाहते आहे, अशा संस्थांवर प्रतिष्ठानाचा भर असतो. ऐन वाढीच्या वळणावर संस्थांची फार ओढाताण होते, म्हणून ही निवड मोलाची.

प्रतिष्ठानाच्या २०११च्या स्कोल पुरस्कारांच्या मानकऱ्यांत ‘प्रथम’ होती. मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून वाढलेली ही संस्था. तिच्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना एक छोटा उतारा वाचायला देतात. शाळेत नाव असलेल्या कित्येक मुलांना तो वाचता येत नाही, हे त्या एका कागदाने देशाला दाखवले.