औषधाचा परवाना आणि नामंजूर अर्ज

परवाना, अर्ज, दाखला, दस्तक, मंजूर, नामंजूर हे सारे शब्द फारशी-अरबीच्या वाटेनें मराठींत आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचिला आणि अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजून दिले. परंतु रयतेच्या तोंडीं अर्ज तो अर्जच राहिला. दरबारापुढें हात जोडून उभें राहण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या शब्दाला चिकटलेला असल्यामुळें तसें झालें असावें.

श्रोतेहो, आज अशाच एका अर्जाचा इतिहास सांगावयाचा आहे. अमुक एक अमली पदार्थ मला चैनीसाठीं नको, औषधासाठीं हवा, असें मनुष्य सरकारला सांगतो. सरकार पुरावा मागतें. आणि पुष्कळदां अर्ज नामंजूर होऊन परत येतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यानें १९९६ सालीं जनमत घेऊन औषधी गांजाला वाट मोकळी केली. तेव्हांपासून तिकडील अनेक राज्यांत रोग्याला तशा अर्थाचें कार्ड मिळूं लागलें. पालघर-बोईसर भागांतील पुष्कळ मुलें आतां परदेशीं नोकरीस आहेत. त्यांच्या बोलण्यांतून हा विषय घरांत येतो आणि "आपल्याकडे असें कार्ड कां नाहीं?" असें वडील मंडळी विचारूं लागतात. कार्ड नाहीं हें खरें. पण त्या कार्डामागचा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि आपल्या ठाणें जिल्ह्यानें तर तो फार जवळून पाहिला आहे.

भांगेला आयुर्वेदांत विजया असें डौलदार नांव आहे. शार्ङ्गधरसंहितेंत तिचा उल्लेख येतो आणि जातीफलादि चूर्णांत ती पडते. १८३९ च्या सुमारास कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरानें धनुर्वात, संधिवात, लहान मुलाचे झटके यांवर तिचे प्रयोग केले आणि ते पाश्चात्त्य वैद्यांपुढें मांडले. पुढें मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारू, ताडी आणि गांजा हीं सारीं एकाच माळेंत ओंवलीं गेलीं. इलाख्यांतील गांजा मुख्यतः नगर जिल्ह्यांत पिके आणि परवानेदार दुकानांतून विकला जाई. वैद्य, बैरागी आणि व्यसनी तरुण, सर्वांना दुकान एकच. महसुलाला गिऱ्हाइकाचा हेतु विचारण्याचें कारण नव्हतें.

त्याच सुमारास ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघूं लागले. हिंदुस्थानांतील वेड्यांचीं इस्पितळें गांजेकसांनीं भरलीं आहेत, असा बोभाटा विलायतेंत झाला. अखेर १८९३ च्या जुलैमध्यें हिंदुस्थान सरकारनें सात सभासदांचें कमिशन नेमलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सभासदांत मुंबई इलाख्यांतील कलेक्टर ओमॅनी होते आणि तीन हिंदी गृहस्थहि होते. कमिशननें देशभर हिंडून १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें घेतलें आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल सादर केला. गांजाचा बेताचा उपयोग सामान्यतः अपायकारक नाहीं, संपूर्ण बंदी आवश्यकहि नाहीं आणि इष्टहि नाहीं, नियंत्रण मात्र असावें, असा त्यांचा निर्णय झाला. लोक त्याचा औषध म्हणून, किंबहुना गुराढोरांच्या औषधासाठींहि, सर्रास उपयोग करतात हें त्यांनीं नमूद केलें.

माझ्या मतें या सात खंडांतील सर्वांत बोधप्रद भाग वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींचा आहे. रस्त्यांत भ्रमिष्ट अवस्थेंत सांपडलेल्या मनुष्याला पोलीस पकडीत आणि मॅजिस्ट्रेटपुढें नेत. त्याच्याबरोबर एक छापील तक्ता भरून पाठवावा लागे. त्या तक्त्यांत वेडाचें कारण लिहिण्याचा एक रकाना होता. रकाना आहे म्हणजे तो भरलाच पाहिजे! बिचारा शिपाई कारण कोठून आणणार? नातलग जवळ नाहींत, रोगी बोलत नाहीं. मग 'गांजा' असा दोन अक्षरी शब्द लिहून मोकळें होणें सोपें. इस्पितळाचा अधिकारी तोच शब्द आपल्या वहींत उतरून घेई, वार्षिक अहवालांत त्याचा आंकडा होई, आणि तो आंकडा लंडनला पोंचून त्यावर व्याख्यानें झडत. कमिशननें १८९२ सालच्या प्रत्येक रोग्याची चौकशी नव्यानें करविली. तेव्हां १,३४४ दाखल रोग्यांपैकीं केवळ ९८ जणांच्या वेडाशीं गांजाभांगेचा संबंध जोडतां येतो असें ठरलें. म्हणजे शेंकडा ७.३. एका रकान्यानें सबंध देशाचें मत कलुषित केलें होतें. अर्ज, दाखले यांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांनीं ही गोष्ट अवश्य वाचावी.

आतां आपल्या घराकडे वळूं. आजचा पालघर तालुका म्हणजे पूर्वीचा माहीम तालुका, केळवें-माहीमचा. किनाऱ्याला ताडीचीं झाडें आणि डोंगराकडे मोहाचीं. दोन्हींवर अबकारी खात्याची नजर. १८९२ सालीं मुंबई सरकारनें खास ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहफुलांचा कायदा केला. परवान्यावांचून मोहफुलें बाळगणें व वाहून नेणें यांवर बंधनें आलीं. सरकारच्या दृष्टीनें मोहफूल म्हणजे चोरट्या दारूचा कच्चा माल. वारली, कोकणा, कातकरी यांच्या दृष्टीनें तें टंचाईच्या दिवसांतलें अन्न होतें आणि अंगदुखीवरचें औषधहि होतें. पण ज्याला अक्षरओळख नाहीं त्यानें "हें मी खाण्यासाठीं ठेवलें आहे" असें कोणत्या कागदावर आणि कोणाच्या शिफारशीनें सिद्ध करावें? येथें नामंजुरीचीसुद्धां पाळी येत नसे, कारण अर्जच होत नसे. महाराष्ट्र सरकारनें मोहफुलांवरील निर्बंध सैल केले ते २०२१ सालीं!

औषधासाठीं स्वतंत्र परवाना ही कल्पना खऱ्या अर्थानें आली ती दारूबंदीबरोबर. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी झाली तेव्हां खेर मंत्रिमंडळांत हें खातें डॉ. गिल्डर यांच्याकडे होतें. स्वतः नामांकित डॉक्टर असलेला मंत्री दारूबंदी करीत होता. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यांत बंदी पूर्ण झाली. कायद्यानें वैद्यकीय मंडळें नेमण्याची तरतूद केली. एफ. एन. बलसारा या नागरिकानें तर सरळ न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. घरांत ब्रँडी, औषधी मद्यें, इतकेंच काय पण ओडिकोलोन ठेवण्याचाहि आपला हक्क आहे, असें त्यांचें म्हणणें. सुप्रीम कोर्टानें २५ मे १९५१ रोजीं कायदा बहुतांशीं कायम केला. मात्र मद्यार्कयुक्त औषधें व सुगंधी द्रव्यें यांवरील बंदी रद्द ठरविली. एका माणसाच्या तक्रारीमुळें लाखों घरांतलीं औषधें कायदेशीर झालीं. त्यानंतर कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रकृति टिकविण्यासाठीं विदेशी मद्याचा आरोग्य-परवाना रीतसर अवतरला.

या परवान्याची पुढची गंमत आमच्या पालघरकरांना नकाशावर बोट ठेवून दाखवितां येते. १९६० सालीं महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, पण कायदा दोघांच्या वाट्याला तोच आला. महाराष्ट्रांत तो हळूहळू सैल झाला. तलासरी ओलांडून उंबरगांवच्या हद्दींत शिरलें कीं त्याच मूळ कायद्याखालीं दारूबंदी चालू आहे आणि आरोग्य-परवान्यासाठीं वैद्यकीय मंडळापुढें उभें राहावें लागतें. एक हद्द ओलांडली कीं तोच मनुष्य गिऱ्हाइकाचा रोगी होतो. अफूची कथा थोडक्यांत अशीच आहे. १ एप्रिल १९५९ पासून तोंडावाटें अफू घेण्यास देशभर बंदी झाली. वैद्यकीय कारणानें नांव नोंदलेल्यांनाच तेवढी ती मोजून मिळे.

१९८५ सालीं अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला आणि सर्व चित्र पालटलें. गांजा व चरस हे गुन्ह्याच्या सदरांत गेले. भांगेचें पान व्याख्येबाहेर राहिलें. औषधी व शास्त्रीय उपयोगाला कायद्यानें वाट ठेविली होती, पण ती कागदावर. खरी शोकांतिका मॉर्फिनची झाली. कर्करोगाच्या वेदनेवर हें औषध शंभर वर्षांहून अधिक काळ वापरांत आहे आणि त्याची अफू आपल्याच देशांत पिकते. तें ठेवण्यासाठीं इस्पितळाला अनेक राज्यांत चार-चार, पांच-पांच परवाने निरनिराळ्या खात्यांकडून काढावे लागत, आणि ते सर्व एकाच वेळीं चालू असावे लागत. शेवटचा परवाना हातीं पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपे. शिवाय चुकीला शिक्षा दहा वर्षांची. इस्पितळांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडलें. देशाचा वापर शेंकडा नव्वदांहून अधिक घसरला आणि १९९७ सालीं सबंध देशांत अवघें १८ किलो मॉर्फिन वापरलें गेलें. या आंकड्यामागें किती रात्री लोकांनीं कण्हत काढल्या असतील!

ही नामंजुरी दुरुस्त करण्यास जवळ जवळ तीस वर्षें लागलीं. डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं राज्याराज्यांच्या सचिवांपुढें बसून नियम सोपे करवून घेण्याचा प्रयत्न केला. वेदनाशामक सेवा देणाऱ्या डॉक्टरांची संघटना २००७ सालीं सुप्रीम कोर्टांत गेली. फेब्रुवारी २०१४ मध्यें संसदेनें कायदा सुधारला. मॉर्फिनसह सहा औषधें अत्यावश्यक ठरलीं आणि २०१५ च्या नियमांनीं देशभर एकच पद्धत व मान्यताप्राप्त इस्पितळास एकाच अधिकाऱ्याची मंजुरी, अशी व्यवस्था झाली.

एकट्यादुकट्याचा अर्ज परत येतो त्याची कारणें मात्र इतकीं भव्य नसतात. अमेरिकेंतील एका मराठी गृहस्थाचा गांजाच्या कार्डाचा अर्ज फेटाळला गेल्याचें त्यांच्या वडिलांनीं मला सांगितलें. ओळखपत्रावर स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव. डॉक्टरच्या दाखल्यावर वडिलांचें नांव गाळलेलें. तिकडच्या कचेरीला ते दोन निराळे इसम वाटले! आपल्या तीनपदरी नांवानें परदेशांत असे पुष्कळ घोटाळे केले आहेत. डॉक्टरांनीं दाखला पुन्हां पूर्ण नांवानें लिहून दिला आणि दुसरा अर्ज मंजूर झाला. गृहस्थ मात्र त्या पंधरा दिवसांत अपीलाच्या तयारीला लागले होते.

म्हणून नामंजुरीचा कागद हातीं येतांच त्यांतील कारण आधीं वाचावें. कागदाचा दोष असेल, म्हणजे नांव जुळत नाहीं, दाखल्याची तारीख उलटली, शिक्का पुसट आहे, तर दोष काढून नवा अर्ज करणें बरें. पात्रताच नाकारली असेल तर नवा अर्ज व्यर्थ. तेथें अपीलच हवें आणि डॉक्टरनें रोगाचें नांव, पूर्वींचे उपचार व ते कां लागू पडले नाहींत हें लिहावयास हवें. 'प्रकृतीच्या कारणास्तव' या दोन शब्दांवर कोणतेंहि मंडळ समाधान पावत नाहीं. कारणच दिलें नसेल तर तें मागण्याचा हक्क आहे: २००५ च्या माहिती अधिकार कायद्यांत निर्णयानें बाधित झालेल्यास कारणें कळविण्याची जबाबदारी कचेरीवर टाकली आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालीं अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावें लागतें आणि पहिलें अपील तीस दिवसांत करतां येतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाल्यापासून बोईसर-तारापूरच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठीं ठाण्याची वारी करावी लागत नाहीं, हीहि सोय लहान नव्हे.

आणि गांजाच्या कार्डाचें म्हणाल, तर महाराष्ट्रांत रोग्याला तसें कार्ड देणारी कचेरी नाहीं. अर्ज कोठें करावा हा प्रश्नच उरत नाहीं. तसें कार्ड काढून देतों म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला दारांतूनच परत पाठवावें. विजयायुक्त आयुर्वेदीय औषधें परवानाधारक कारखान्यांतून तयार होतात. औषधविषयक नियमांच्या ई (१) या परिशिष्टांत विजयेची गणना असल्यामुळें तीं वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावयाचीं असतात. तेथें वैद्याची चिठ्ठी लागते. परदेशांतील कार्ड खिशांत ठेवून तिकडचा गांजा मुंबईच्या विमानतळावर उतरविणाऱ्यास मात्र त्या कार्डाचा कांहीं उपयोग नाहीं. त्याला १९८५ चा कायदा लागू होतो.