अंतराळात परसाकडची सोय

वाचकहो, पुण्याहून सिंहगडाकडे निघालात म्हणजे वाटेत खडकवासल्याचे धरण लागते. त्याच जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा १९६६ साली ह्या प्रबोधिनीत दाखल झाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला हेही इथलेच विद्यार्थी. त्यामुळे ह्या बाजूच्या शाळांतून अंतराळाचा विषय निघाला की मुलांना तो घरचाच वाटतो.

अशाच एका शाळेत मी बोलायला गेलो होतो. यान किती उंच जाते, वेग किती असतो, सारे सांगून झाले. "कुणाला काही विचारायचं आहे का?" म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, तिथं संडासला कुठं जातात?" वर्ग खो खो हसला. गुरुजींनी डोळे वटारले. पण खरे सांगतो, त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. मोठमोठ्या इंजिनियरांना तो वेळेवर सुचला नाही, त्याचीच ही हकिगत आहे.

५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे पहिले अंतराळवीर ॲलन शेपर्ड उड्डाणासाठी यानात जाऊन बसले. उड्डाण अवघ्या पंधरा मिनिटांचे. एवढ्याशा वेळात लघवीची काय गरज, असे धरून तिची काहीच सोय केलेली नव्हती. पण आधी ढग आले, मग यंत्रात काही बिघाड निघाला, आणि असे करता करता शेपर्ड चार तासांहून अधिक वेळ पाठीवर पडून राहिले. शेवटी त्यांनी खाली विचारले. प्रथम उत्तर आले, नाही. अंगाला लावलेल्या विजेच्या तारा भिजतील ही भीती. मग त्या तारांचा प्रवाह बंद केला आणि परवानगी दिली! माणूस त्याच पोशाखानिशी अंतराळात गेला. त्याच्या तीनेक आठवडे आधी, १२ एप्रिलला, रशियाचे युरी गागारिन उड्डाणतळाकडे जाताना बसमधून उतरले आणि मागच्या चाकाशी मोकळे झाले असे सांगतात. पुढे रशियन अंतराळवीरांनी त्याची प्रथाच पाडली. मला विचाराल तर गागारिन अधिक व्यवहारी निघाले.

आता अडचण नेमकी कोठे येते ते पाहू. आपल्याकडे सोय पक्क्या संडासाची असो की शेताच्या बांधाआडची, काम सगळे पृथ्वीच्या ओढीने होते. वरचे खाली पडते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात ही ओढ जाणवत नाही. पाणी सांडत नाही, त्याचा गोळा होऊन तरंगतो आणि जिथे टेकेल तिथे चिकटून बसतो. मैलाही अंगापासून सुटून खाली जात नाही. एवढीच गोष्ट, पण तिने पुढची बरीच वर्षे भल्याभल्यांना रडवले.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांत संडास नव्हता. प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्या तोंडाला चिकटपट्टी, ती अंगाला चिकटवायची. पिशवीतच बोट घालायला जागा केलेली, त्या बोटाने काम पुरे करायचे. मग आत जंतुनाशकाची पुडी टाकून पिशवी बाहेरून कणकेसारखी मळायची, नाही तर आत वायू धरून ती फुटायची भीती. एका खेपेला पाऊण तास लागे, आणि हे सगळे तिघे शेजारी शेजारी बसलेले असताना. लघवी नळीवाटे यानाबाहेर सोडीत, ती क्षणात गोठून तिचे कण उन्हात चमकत. चंद्रावर पाऊल ठेवण्याइतकी अक्कल ज्यांनी खर्च केली त्यांनी ह्या बाबतीत एवढी काटकसर का केली असेल? माझे मत असे, की विषय लाजेचा वाटला.

लाजेची किंमत कधी कधी अंगाला द्यावी लागते. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला. यानाचा मार्ग जरासाही ढळू नये म्हणून लघवी बाहेर सोडू नका, असा निरोप खालून गेला. निरोप तात्पुरता होता, पण वरच्या तिघांची समजूत झाली की तो परत येईपर्यंतचा आहे. लघवी पिशव्यांत साठवू लागले. पाणी आधीच कमी, दिवसाला पेलाभर, तेही त्यांनी पुरते घेतले नाही. तिघांपैकी फ्रेड हेझ यांना लघवीच्या मार्गाचा विकार जडला, ताप भरला, आणि ते थंडीने कुडकुडत परत आले. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेत संडास नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी मुलगी तुम्ही पाहिली असेल. दुखणे तेच.

सुधारणा झाली ती १९७३ च्या स्कायलॅबपासून. तिथला संडास भिंतीत बसवलेला होता, आणि पृथ्वीच्या ओढीच्या जागी हवेची ओढ वापरली होती. पंखा हवा आत खेचतो, हवेबरोबर मैला जातो. तत्त्व आजही तेच आहे. लघवीसाठी नळीला जोडलेले नरसाळे, मैल्यासाठी लहानशा तोंडाचे आसन, पाय अडकवायला पट्टे. स्कायलॅबमध्ये अंघोळीची घडीची खोलीसुद्धा होती. कापडी नळकांड्यात उभे राहायचे, पाणी तीन लिटरच्या आतबाहेर. अंघोळ थोडी आणि मागचे थेंब शोषून घेणेच जास्त, सगळे मिळून अडीच तास जायचे. पुढे ती कल्पना बारगळली. हल्ली ओल्या फडक्याने अंग पुसतात. डोक्याला लावतात तो साबण पाण्याने धुवावा लागत नाही. तो मुळात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी केलेला.

राकेश शर्मा १९८४ च्या ३ एप्रिलला वर गेले आणि ११ एप्रिलला परत आले. त्यांच्या सल्यूत ७ स्थानकात तेव्हा सहा माणसे होती, आणि सहाजणांना संडास हा असाच, हवेवर चालणारा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ही साधने प्रथम पुरुषांनी पुरुषांसाठी केली. १९८३ साली सॅली राइड ह्या अमेरिकेच्या पहिल्या स्त्री अंतराळवीर निघाल्या, तेव्हा इंजिनियरांनी त्यांना विचारले, आठवड्याच्या प्रवासात मासिक पाळीसाठी शंभर नग पुरतील ना? बाईंनी सांगितले, हा आकडा बरोबर नाही. हसू येते खरे, पण निदान त्यांनी विचारले तरी. २०२० मध्ये स्थानकावर जो नवा संडास नेला तो स्त्रियांच्या सोयीचा विचार करून घडवलेला आहे.

आता पाण्याचे. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नळांचे पाणी गेले. एका तांब्यात काय काय भागवायचे ते त्या दिवसांत शहर शिकले, असे आमच्या घरची वडीलधारी माणसे सांगत. अंतराळात ती वेळ रोजचीच. पाणी खालून न्यायचे तर खर्च अफाट, आणि माणसाला दिवसाला पावणेचार लिटर तरी पाणी लागते. म्हणून स्थानकावर लघवी, घाम, श्वासातली वाफ हे सारे गोळा करून, उकळून, गाळून पुन्हा पिण्याचे पाणी करतात. २००९ पासून तिथले अंतराळवीर ते पितात, आणि २०२३ मध्ये शंभरांतले अठ्ठ्याण्णव भाग पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. किळस वाटली तर आपली नदी आठवावी. वरच्या गावाने सोडलेलेच आपण पितो, फक्त मध्ये ऊन आणि वाळू असते.

मैल्याचे मात्र अजून जमलेले नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत होते हे लोकांना करून दाखवले. अंतराळात तो नुसता डब्यात बंद करून ठेवतात, आणि कचऱ्याबरोबर परतीच्या मालयानात भरतात. ते यान वातावरणात शिरताना जळून जाते. खालून कुणी पाहिले तर त्याला तारा तुटल्यासारखे दिसेल.

हे सारे सांगितल्यावर तो मुलगा खाली बसला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग हात कसे धुतात?" मी म्हणालो, पिशवीतून थोडे पाणी हातावर दाबायचे, ते पाऱ्यासारखे चिकटून बसते, साबण लावून चोळायचे आणि फडक्याने टिपायचे. फडके टांगून ठेवायचे. त्यातला ओलावा हवेत जातो, हवेतून यंत्रात, आणि दोनचार दिवसांनी पुन्हा पेल्यात.