राजाश्रय आणि करमणुकीवरील कर

राज्याच्या जमेच्या बाजू वाचतांना जमीनमहसूल, जकात, अबकारी यांच्या पंक्तींत करमणुकीवरील कर सहसा कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. रक्कम लहान, म्हणून इतिहासहि लहान, असा आपला समज असतो. परंतु लोकांच्या आनंदाकडे राजसत्ता कोणत्या दृष्टीनें पाहते हें कळण्यास या बाबीसारखें दुसरें साधन नाहीं. आणि त्यासाठीं कृष्णाकांठचे सातारा व सांगली हे दोन मुलूख आम्हांस विशेष सोयीचे वाटतात.

इ. स. १८४३ मध्यें सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तसें कांहीं मराठींत व्हावें, ही मूळ इच्छा आप्पासाहेबांची. म्हणजे मराठी नाटकाचा तिजोरीशीं आलेला पहिला संबंध तिजोरीनें देण्याचा होता, घेण्याचा नव्हे. योगायोग असा कीं, पुढच्याच वर्षीं कंपनी सरकारनें आपल्या मुंबई इलाख्यांतील मोहतर्फ्यासारखे धंद्यांवरील कर कायद्यानें उठविले.

१८५१ त आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांचा राजाश्रय तुटला. मंडळी परमुलखीं फिरूं लागली, व १८५३ त मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहांत तिकीट लावून तिचे प्रयोग झाले. हा फरक वरवर दिसतो त्याहून मोठा आहे. एका धन्याच्या जागीं शेंकडों धनी आले. आणि करमणुकीला आणे-पैचें माप लागलें. जेथें माप लागतें तेथें आज ना उद्यां कर बसतोच. येथें तो बसावयास सत्तर वर्षें लागलीं, एवढेंच.

इंग्लंडांत पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठीं १९१६ त करमणुकीवर कर आला. आपल्याकडे १९१९ च्या सुधारणांनीं प्रांतिक सरकारांस आपल्या अधिकारांत जे मोजके कर बसवितां येऊं लागले, त्यांत हा एक होता. बंगालनें १९२२ त व मुंबईनें १९२३ त तसा कायदा केला. योजना सोपी होती : कर प्रेक्षकानें द्यावयाचा, खेळ करणारानें गोळा करावयाचा, आणि प्रवेशाच्या तिकिटावर सरकारी मुद्रांक असावयाचा. धर्मादाय कार्यासाठीं केलेल्या किंवा निव्वळ शैक्षणिक खेळांस माफीची सोय होती. खेळाचा परवाना ही बाब निराळी. तिचा हेतु बंदोबस्ताचा. कराचा हेतु उत्पन्नाचा. परंतु दोहोंचा भार नाटकवाल्याच्या एकाच खांद्यावर पडे.

येथें आपल्या दोन मुलखांचे मार्ग भिन्न दिसतात. सातारचें राज्य १८४८ त खालसा झालेलें, म्हणून तो जिल्हा मुंबई सरकारच्या कायद्यांखालीं. सांगली संस्थानची तिजोरी मात्र १९४८ त विलीनीकरण होईपर्यंत वेगळी. पुढें १९४९ त सांगली दक्षिण सातारा जिल्ह्यांत आली आणि १९६० त त्या जिल्ह्यास सांगलीचेंच नांव मिळालें. पठ्ठे बापूरावांचें रेठरे हरणाक्ष हें गांव त्यांच्या हयातींत सातारा जिल्ह्यांत होतें, तें आज सांगलींत आहे. त्यांच्या तमाशाची परंपरा पाहतां या कराची एक खुबी ध्यानांत येते. गांवानें वर्गणी काढून जत्रेंत तमाशा ठेवला तर तिकीट नाहीं, म्हणून करहि नाहीं. तोच फड कनात लावून तिकीट विकूं लागला कीं सरकार भागीदार झालें. कर कलेवर नव्हता, दारावर होता.

सरकारनें पैसा घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. रस्ते व शाळा फुकट होत नाहींत, आणि ज्यास खेळ परवडतो त्यास दोन पैसे जड नाहींत, हा युक्तिवाद पोकळ नव्हे. आमचा आक्षेप संगतीला आहे. १९३५ च्या कायद्यानें करमणुकीस चैन, पैज व जुगार यांच्या ओळींत बसविलें, आणि १९५० च्या राज्यघटनेनेंहि राज्यांच्या सूचींत तीच ओळ ठेविली. सीतास्वयंवर आणि सट्टा यांना एका कलमांत घालणारा कायदा महसूल जाणतो, मनुष्य जाणत नाहीं.

२०१७ च्या १ जुलैपासून वस्तु व सेवा कराच्या पोटांत राज्याचा हा कर सामावला गेला. पंचायती व नगरपालिका यांचा तो बसविण्याचा अधिकार तेवढा घटनेनें राखला. नाटकाच्या ठराविक किंमतीपर्यंतच्या तिकिटास या नव्या करांतून सूट मिळाली, आणि २०१८ च्या जानेवारींत ती मर्यादा २५० वरून ५०० रुपये झाली. हा राजाश्रय नव्हे. परंतु ज्या दारावर सरकार भागीदार म्हणून उभें होतें, तेथून तें थोडें बाजूस सरकलें, इतकें खरें. आप्पासाहेबांनीं दिलें तितकें देणें आजच्या राज्यास कदाचित् जमणार नाहीं. घ्यावयाचें कोठें थांबवावें, एवढें त्यानें ओळखलें तरी सांगलीच्या त्या जुन्या ऋणाची कांहीं फेड होईल.