कॉलेज खरंच हवंय? मग पसंतीक्रम घरी बसून भरू नका

विजयदुर्ग : दहावी-बारावीचा निकाल लागला की देवगड तालुक्यात एकच धावपळ सुरू होते. बरीच मुलं सायबर कॅफेत जातात, भरणारा सांगेल ती कॉलेजं टाकतात आणि पावती घेऊन घरी येतात. फसगत इथेच होते.

अमेरिकेतली काही कॉलेजं प्रवेश देताना मुलाने कॉलेजला भेट दिली का, चौकशी केली का, हेही बघतात. आपल्याकडे सरकारी ऑनलाइन प्रवेशात तसं काही नाही. प्राचार्यांना भेटून किंवा ओळख काढून गुणवत्ता यादीत नंबर वर जात नाही. कॉलेजची ओढ दाखवायची जागा एकच, पसंतीक्रम.

अकरावी : २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं आणि सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. मित्राने पुण्याचं नाव टाकलं म्हणून आपणही एक नंबरला टाकलं, आणि राहायची सोय नाही म्हणून गेलो नाही, तर देवगडची हातातली जागाही जाते.

इंजिनीअरिंग : २०२५-२६ ला चार फेऱ्यांचा नियम आला. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली की ती जागा पक्की धरली जाते. म्हणून वरच्या सहा नावांत जायचं नाही असं एकही कॉलेज नको. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

आधी जाऊन बघा : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. प्रवेशाचे दिवसही साधारण तेच. होडी किनाऱ्याला असताना पालकांनी एक दिवस काढून मुलासोबत कॉलेज बघून यावं. मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन असो वा रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, या गोष्टी विचाराव्यात :

- विजयदुर्गातून सकाळची एसटी वेळेवर पोचते का? परतीची शेवटची गाडी किती वाजता?
- हॉस्टेल आहे का, मेसचा महिन्याचा खर्च किती?
- एकूण फी किती, शिष्यवृत्ती कोणती?
- प्रयोगशाळा चालू आहे का? शिकणाऱ्या मुलांनाच विचारावं.

बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्यासाठी प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही.

मुलाखत असेल तिथे : काही खासगी विद्यापीठं मुलाखत घेतात किंवा निबंध लिहून मागतात. तिथे मात्र आवड विचारली जाते. "तुमचं कॉलेज नामांकित आहे" हे सगळेच सांगतात. त्यापेक्षा वाघोटन खाडीत वडिलांसोबत जाळं टाकताना काय बघितलं, त्यातून कोणता प्रश्न पडला आणि तो विषय त्याच कॉलेजात का शिकायचा, हे सांगावं. अभ्यासक्रम आधी वाचलेला असावा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पण पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं.

शेवटी एक काळजी घ्यावी. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, ओटीपी घरच्याच मोबाईलवर यावा, आणि फॉर्म कायम करण्याआधी पहिलं नाव मुलाने स्वतः मोठ्याने वाचावं. तिथे राहून शिकायचं आहे ते त्यालाच.