सेंट हेलेन्स पर्वतावरील लहान सस्तन प्राणी

सेंट हेलेन्स हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतरांगेतला जागृत ज्वालामुखी. १८ मे १९८० रोजी सकाळी त्याचा उत्तर उतार कोसळला आणि स्फोटाने सुमारे ६०० चौ. किमी. प्रदेश उद्ध्वस्त केला. उजाड झालेल्या जागी उंदीर, चिचुंद्र्या, व्होल, खारी कोणत्या क्रमाने परततात, याचा अभ्यास इथे दीर्घकाळ चालू आहे. अंतर, निवारा, शिकारी प्राणी यांचाही वाटा असतोच; पण कोण टिकेल हे बरेचसे खाण्यावर ठरते.

स्फोटाच्या वेळी काही भागांत अजून बर्फ होता आणि निशाचर प्राणी बिळांत होते. त्यामुळे बिळांत राहणाऱ्या अनेक जाती वाचल्या. मात्र क्रेटरच्या उत्तरेला प्युमिसच्या (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या) थराखाली गेलेल्या मैदानावर काहीच उरले नाही. तिथे सर्वांत आधी पोचला डिअर माउस. तो बी खातो, किडेही खातो. हिरवे पान नसतानाही वाऱ्याबरोबर कीटक आणि कोळी या मैदानावर येऊन पडत होते, म्हणजे वनस्पतींच्या आधी शिधाच हवेतून येत होता. चोखंदळ प्राण्याचा इथे निभाव लागला नसता.

पॉकेट गोफरची गोष्ट निराळी. गालांच्या पिशव्यांत खाद्य भरून नेणारा हा प्राणी मुळे व कंद खातो. राखेचा थर पातळ होता तिथे जमिनीखालची मुळे शाबूत राहिली, म्हणून तोही तगला. बीळ उकरताना त्याने खालची जुनी माती, तिच्यातल्या कवकांसह, राखेवर आणून टाकली आणि त्या ढिगाऱ्यांत रोपे रुजली. प्युमिसच्या मैदानावर मात्र ल्युपिन आधी आले. १९८१ मध्ये सापडलेले हे शेंगवर्गीय रोप मुळांवरील गाठींतल्या जीवाणूंच्या मदतीने नत्र मिळवते, त्यामुळे नापीक जागीही वाढते. गोफरला तिथे पुरेशी मुळे मिळेपर्यंत थांबावे लागले.

लाल पाठीच्या व्होलच्या आहारात कवकांचा मोठा वाटा असतो. त्याला झाडांची सावली आणि कुजणारी खोडे लागतात. म्हणून नुसती उंदरांची संख्या वाढली की अधिवास सावरला, असे मानणे चूक आहे.

१९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हा परिसर राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक म्हणून राखून ठेवला आणि तिथले पुनरुज्जीवन निसर्गावर सोपवले.